पाचशे रुपयांचं लोणी

नागपुरात दिवाळी आटोपली की तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. ताई गेली कितीतरी वर्षं एकाच आमांकडून स्वेटर आणि शाली घेते. आमा म्हणजे तिबेटीत आई. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, त्या तिथल्या. 1972 साली वसाहत झाली तेव्हा तो भंडारा जिल्हा होता आणि आमा अजूनही ‘भंडारा’च म्हणतात.

आम्ही दोघी बहिणी ल्हासाला चाललोय असं ताईनं सांगितलं तेव्हा त्या एका शालीची घडी घालत होत्या. घडी तशीच राहिली. मग कमरेच्या पट्ट्यातून त्यांनी पाचशेची नोट काढली आणि ताईच्या मुठीत कोंबली. “दीदी, जोवो के सामने एक दिया. मेरी माँ के नाम से.” जोवो म्हणजे ल्हासाच्या जोखांग मंदिरातला बुद्ध, आणि तिथले दिवे लोण्याचे. आमांचा जन्म इथलाच. त्यांची आई हिमालय ओलांडून आली आणि गोठणगावातच वारली. ल्हासा आमांनी कधी पाहिलेलं नाही.

ताईनं दोनदा पायी वारी केलीय. तिला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. वारीला निघताना आळीतल्या बायका असेच दहा-वीस रुपये हातात ठेवतात, माझ्या नावानं तुळस वाहा म्हणतात. तिनं ती नोट रुमालात बांधून गाठ मारली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली.

काठमांडू

भारतीय पासपोर्टवर तिबेटला जायचं तर आमच्यासारख्यांना काठमांडूहून जाणं सोयीचं. तिथे चिनी ग्रुप व्हिसा मिळतो. तो पासपोर्टवर नसतो, सगळ्या गटाची नावं असलेला वेगळा कागद असतो. त्याशिवाय तिबेटचा वेगळा परवाना लागतो आणि गाइड सोबत असल्याशिवाय फिरता येत नाही. आमच्या एजंटनं एका नावाचं स्पेलिंग चुकवलं आणि त्यात एक दिवस गेला. कागद हातात आला की तिथेच, काउंटरवर, प्रत्येकानं आपलं नाव आणि पासपोर्ट नंबर ताडून पाहा.

सामानात दलाई लामांचा फोटो, त्यांचं पुस्तक, मोबाइलमधलं त्यांचं चित्र, काहीही ठेवू नका. तुमच्यापेक्षा तुमच्या गाइडला त्याचा त्रास होतो.

दिवस पहिला : ल्हासा

काठमांडू ते ल्हासा विमानाला दीड तास लागतो. डावीकडची खिडकी मागून घ्या. एव्हरेस्ट दिसलं तेव्हा अख्खं विमान डावीकडे झुकलंय असं वाटलं, इतकी माणसं त्या बाजूला जमली.

ल्हासा 3650 मीटरवर आहे. उतरल्या उतरल्या काही होत नाही आणि माणूस फसतो. दोन तासांनी डोकं ठणकायला लागलं. पहिल्या दिवशी आंघोळ नाही, जिने धावत चढणं नाही, पाणी मात्र सारखं प्यायचं. गोळ्यांचं आपापल्या डॉक्टरांना आधीच विचारून या. हवा इतकी कोरडी की रात्रीत ओठ फुटले आणि ताईच्या नाकातून थोडं रक्त आलं. व्हॅसलिन हाताशी ठेवा. घड्याळ भारतीय वेळेच्या अडीच तास पुढे करा, सगळ्या चीनमध्ये बीजिंगचीच वेळ चालते. त्यामुळे नोव्हेंबरअखेरीस सकाळी आठ वाजता ल्हासात अजून अंधार असतो. गुगल, व्हॉट्सअॅप काही चालत नाही, घरी तसं सांगून निघा.

संध्याकाळी खिडकीतून खालची गल्ली दिसत होती. एक आजी एका हातात कांद्याची पात डोकावणारी पिशवी आणि दुसऱ्या हातात फिरतं मणिचक्र, म्हणजे प्रार्थनेचं चक्र, घेऊन चालली होती. भाजीवाल्याशी बोलायला थांबली, भाव केला, पैसे दिले. या सगळ्यात चक्र थांबलं नाही.

दिवस दुसरा : बारखोर आणि जोखांग

सकाळी साडेसातला, अंधारातच, आम्ही बारखोरला पोचलो. आत जाताना पोलिसांची तपासणी होते, पिशव्या मशीनमधून जातात. रोज येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही तोच नियम. त्या तपासणीचे फोटो काढायचे नाहीत.

बारखोर म्हणजे जोखांग मंदिराभोवतीची प्रदक्षिणेची वाट, किलोमीटरहून थोडी कमी. प्रदक्षिणेला कोरा म्हणतात. ल्हासात एकात एक अशा तीन कोरा आहेत: मंदिराच्या आतली नांगखोर, ही मधली बारखोर, आणि जुन्या शहराला पोटाला महालासकट वळसा घालणारी लिंगखोर. सगळ्या आपल्यासारख्याच, उजवी घालून. उलट चाललात तर कुणी ओरडणार नाही, पण समोरून येणारी शेकडो माणसं तुमच्यामुळे वळत राहतील.

पहिल्यांदा वास येतो. चौकात चुन्यानं रंगवलेल्या मोठ्या भट्ट्या आहेत, त्यात जुनिपरच्या डहाळ्या जळत असतात. येणारा प्रत्येक जण मूठभर जवाचं पीठ त्यात टाकतो. धूर पांढरा आणि गोडसर. मग आवाज ऐकू येतो. शेकडो पावलं, पुटपुटणं, आणि मधूनच दगडावरून लाकूड घासल्याचा एक लांब खर्रर आवाज.

तो आवाज दंडवतांचा. हातांत लाकडाच्या फळ्या अडकवलेल्या, अंगावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जाड अॅप्रन. हात जोडून कपाळाला, कंठाला, छातीला लावायचे, गुडघ्यांवर बसायचं, फळ्या पुढे सरकवत पूर्ण पालथं पडायचं, उठायचं, हात पोचले होते तिथवर चालायचं आणि परत. एक तरुण मुलगा होता, विशीतला असेल. त्याच्या कपाळावर मध्यभागी घट्टा पडला होता. गाइडनं त्याला विचारून सांगितलं, पूर्व तिबेटातल्या खामहून आलाय, घरापासून असाच, पाच महिने लागले. बरोबर काका होते, हातगाडीवर तंबू आणि पीठ घेऊन. रात्री मुक्कामाला थांबताना जिथे शेवटचा दंडवत झाला तिथे दगड ठेवायचा, सकाळी त्याच दगडापासून सुरुवात. मधली एक वीतही सुटायची नाही.

पंढरपुरात लोटांगण घालणारे मी पाहिलेत. ताई त्या मुलाकडे बघत उभी राहिली आणि मग वाकून त्याच्या पायाला हात लावला, वारीत माउली म्हणून लावतात तसा. तो बिचारा गोंधळून मागे सरकला. मग हसला, आणि पुन्हा पालथा पडला.

हिवाळ्यात ल्हासाला येण्याचं कारण हेच. शेतं कापून झालेली, काम नाही, म्हणून खेड्यांतली माणसं आणि माळरानावरचे पशुपालक यात्रेला उतरतात. पर्यटक कमी आणि यात्रेकरू जास्त. थंडी आहे, रात्री पाणी गोठतं, पण ऊन निघालं की अंगावरचा स्वेटर काढावा लागतो.

लोणी गल्लीतल्या दुकानात मिळतं. आमांच्या पाचशेचे साधारण पन्नास युआन झाले होते. ताईनं सगळ्याचं लोणी घेतलं, पिवळंधमक आणि जड. दिव्यासाठी स्वस्तातलं वनस्पती तूपही मिळतं, दुकानदारानं तेच पुढे केलं होतं, पण ताईनं मान हलवली. याकचं लोणी म्हणतो आपण, पण याक हा नर. दूध देते ती द्री, हे त्या दुकानदारानं आम्हाला हसत हसत शिकवलं.

जोखांग सातव्या शतकातलं, सोंगत्सेन गाम्पो राजाच्या काळातलं. त्याच्या दोन राण्यांची नावं इथे सगळ्यांच्या तोंडी: नेपाळची भृकुटी आणि चीनची वेनचेंग. मंदिराचं तोंड पश्चिमेला आहे, भृकुटीच्या माहेराकडे, असं सांगतात. वेनचेंगनं बरोबर आणलेली बुद्धमूर्ती आज गाभाऱ्यात आहे, बारा वर्षांच्या वयातला शाक्यमुनी. तोच जोवो. दारासमोरच्या फरशा दंडवतांनी इतक्या गुळगुळीत झाल्यात की त्यात सकाळचं ऊन दिसत होतं.

आत रांग. आपल्याकडच्या दर्शनबारीसारखी ढकलाढकली, लहान मुलं, कुणाच्या तरी पाठीवर झोपलेलं बाळ, पुढे घुसणाऱ्या म्हाताऱ्या. प्रत्येकाच्या हातात थर्मास. त्यात वितळलेलं लोणी असतं आणि वाटेतल्या प्रत्येक समईत थोडं थोडं ओतत जायचं. आमच्याकडे मात्र घट्ट गोळा. आमच्या पुढच्या मोलानं, मोला म्हणजे आजी, मागे वळून तो गोळा पाहिला, जिभेनं च्च केलं आणि आपल्या झग्यातून एक अॅल्युमिनियमचा चमचा काढला. एका समईपाशी तिनं दाखवलं: चमच्यानं लोणी खरवडायचं, ज्योतीला धक्का न लावता कडेनं सोडायचं. मग चमचा ताईच्या हातात दिला तो दिलाच.

रांग सरकत असताना तिनं विचारलं, “ग्यागार?” म्हणजे भारत. ताई हो म्हणाली. मोलानं ताईचे दोन्ही हात धरले, लोण्यानं माखलेलेच, आणि आपल्या कपाळाला लावले. बराच वेळ तसेच ठेवले. डोळे भरलेले होते. काही बोलली नाही. बुद्ध ग्यागारमध्ये झाला हे इथे लहान मुलालाही ठाऊक आहे. आणि 1959 पासून ग्यागारमध्ये कोण राहतं हेही. गाइड त्या वेळी भिंतीवरचं चित्र पाहत होता.

जोवोच्या गाभाऱ्यापुढे लोखंडी कड्यांचा जाळीदार पडदा आहे, दर्शनाच्या वेळी बाजूला केलेला असतो. एका बाजूनं पायऱ्या चढायच्या, मूर्तीच्या गुडघ्याला कपाळ टेकवायचं, मागून वळसा घालून दुसऱ्या गुडघ्याशी उतरायचं. दोन-तीन सेकंदं मिळतात, मग भिक्षू पाठीवर हात ठेवून पुढे सरकवतो. आमचं लोणी खालच्या मोठ्या चांदीच्या समईत गेलं. ताई चमच्यानं सोडत होती आणि ओठ हलत होते. आमांच्या आईचं नाव तिनं नागपुरातच विचारून पाठ केलं होतं. शेवटचा चमचा सोडताना कुणाचा तरी धक्का लागला आणि ताईच्या शालीच्या पदराला लोणी लागलं, हातभर डाग. चमचा परत द्यायला वळलो तर मोला गर्दीत पुढे निघून गेली होती. आतल्या कोरेत शोधली, सापडली नाही.

दिवस तिसरा : पोटाला आणि गोड चहा

पोटालाचं तिकीट वेळेचं असतं, आत जास्तीत जास्त एक तास. पायऱ्या पुष्कळ, दर पंचवीस पायऱ्यांना थांबलो. पाचव्या दलाई लामांनी 1645 मध्ये बांधकाम सुरू केलं आणि लाल महाल 1694 मध्ये पुरा झाला. त्यांचा स्तूप आत आहे, साडेतीन हजार किलोहून जास्त सोन्यानं मढवलेला. इमारत आता संग्रहालय म्हणून चालवली जाते, पण यात्रेकरूंना तसं वाटत नाही. रिकाम्या आसनांपुढेही ते कपाळ टेकवतात, दहा पैशांसारखी छोटी नोट ठेवतात. मोठी नोट असेल तर ढिगातून स्वतःच सुटे घेतात, कुणी संशयानं बघत नाही.

मला महालापेक्षा नावानं जास्त धरून ठेवलं. पोटालक हा अवलोकितेश्वराचा, करुणेच्या बोधिसत्त्वाचा डोंगर, जुन्या ग्रंथांप्रमाणे आपल्या दक्षिण भारतातला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला, मान किंचित कललेला पद्मपाणि आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो हाच. इथे त्याला चेनरेझिग म्हणतात, आणि बारखोरवर दिवसभर ऐकू येणारं ‘ओम मणि पद्मे हूं’ हा त्याचा मंत्र. इथल्या उच्चारात ते ‘ओम मणि पेमे हुंग’ होतं. अजिंठ्यात आपण त्याला तिकीट काढून, गाइडच्या बॅटरीच्या उजेडात बघून येतो. इथे भाजी घ्यायला निघालेली आजी त्याला हाक मारते.

दुपारी चहाच्या दुकानात गेलो. लांब बाकडी, धूर, गोंगाट, फासे आपटून खेळणारे पुरुष. ग्लास स्वतः आणायचा, बाकावर बसायचं आणि सुटे पैसे टेबलावर मांडून ठेवायचे. मोठी किटली घेतलेली बाई येते, ग्लास भरते, टेबलावरून तेवढे पैसे उचलते. ग्लास रिकामा दिसला की परत येते. हिशेब नाही, बिल नाही. हा गोड दुधाचा चहा, चा न्गारमो, अगदी आपल्या चहाच्या जवळचा, फक्त आलं-वेलची नाही. लोणी-मिठाचा पो-चा वेगळा. त्याला चहा समजून प्यायलात तर पहिला घोट जड जाईल. पातळ सार समजून प्या, दुसरा ग्लास मागाल.

शाकाहारी असाल तर नूडल्सच्या सुपाबद्दल आधी विचारा, ते बहुतेक याकच्या हाडांचं असतं. बटाट्याचे मोमो मिळतात आणि ल्हासात नेपाळी खानावळीही आहेत, तिथे डाळ-भात मिळाला.

दिवस चौथा : सेरा

सकाळी द्रेपुंग मठ केला, 1416 सालचा. एके काळी तिथे दहा हजारांच्या आसपास भिक्षू होते असं सांगतात. आज पांढऱ्या इमारतींच्या गल्ल्या शांत आहेत. माझं मन सेरा मठात रमलं.

सेरात एका अंधाऱ्या गाभाऱ्यापुढे नुसत्या लेकुरवाळ्यांची रांग होती. आत हयग्रीव या रक्षक देवतेची मूर्ती. दर्शन झालं की तिथला भिक्षू बाळाच्या नाकावर काजळीचं बोट ओढतो. मुलं रात्री दचकत नाहीत, शांत झोपतात, म्हणून. बाहेर अंगणात सगळीकडे काळ्या नाकाची मुलं! ताईनं पर्समधून काजळाची डबी काढली आणि एका आईला खुणेनं सांगितलं, आमच्याकडे गालाला लावतात, तीट. त्या आईनं ताबडतोब पोरीचा गाल पुढे केला. तिच्या बहिणीनंही आपलं बाळ आणलं. मग तिसरी आली. त्या दिवशी सेराच्या अंगणात नाक आणि गाल दोन्ही रंगवलेली चार मुलं होती.

दुपारी तीननंतर वादविवाद चालतो, झाडांखालच्या खडीवर. एक भिक्षू बसलेला, दुसरा उभा. उभा असलेला प्रश्न टाकतो, पाय आपटतो आणि टाळी अशी वाजवतो की कबुतरं उडावीत. बसलेल्यानं लगेच उत्तर द्यायचं. चुकलं तर आजूबाजूचे ओरडतात. शब्द कळत नव्हते, पण उत्तर अडल्यावरचा चेहरा कळत होता. हीच परंपरा कर्नाटकात बैलकुप्पेला नव्यानं उभारलेल्या सेरा मठात चालू आहे. ल्हासाला जाणं जमत नसेल तर म्हैसूरहून कूर्गला जाताना तिथे थांबा.

दिवस पाचवा : गांदेन

ल्हासाहून पन्नासेक किलोमीटर, 4200 मीटरच्या वर. यात्रेकरूंच्या बसेस बारखोरजवळून पहाटे निघतात. आम्हाला गाइडबरोबर गाडीनंच जावं लागलं. दलाई लामांच्या पंथाचे संस्थापक त्सोंगखापा यांनी 1409 मध्ये हा मठ स्थापन केला. साठच्या दशकात तो जवळपास जमीनदोस्त झाला होता. आज दिसतं ते बरंचसं पुन्हा बांधलेलं आहे, आणि कडेला काही भिंती अजून तशाच उघड्या उभ्या आहेत.

मठामागच्या डोंगराला कोरा आहे. खाली क्यीचू नदीचं खोरं, कापलेल्या जवाच्या शेतांचे तपकिरी चौकोन. ताईचं डोकं पुन्हा धरलं, म्हणून आम्ही अर्ध्या वाटेवर एका कुटुंबाशेजारी बसलो. आजोबा, आजी, सून, दोन नातू. आजीनं आम्हाला विचारलंही नाही. लाकडी वाटीत जवाचं भाजलेलं पीठ घेतलं, वर लोण्याचा तुकडा, थर्मासमधला चहा, आणि वाटी डाव्या हातात फिरवत उजव्या हाताच्या बोटांनी मळायला लागली. पिठाचा कणही बाहेर सांडला नाही. मुटके वळले आणि एकेक हातात दिला. त्साम्पा.

ताईनं तोंडात टाकला आणि म्हणाली, “अगं, हे आपलं सातूचं पीठ!” खरंच तेच. भाजल्याचा खमंगपणा, टाळूला चिकटणं, पहिल्या घासानंतर पाण्याची आठवण होणं. आपण गूळ-दूध घालतो, त्यांचं खारट. लहानपणी उन्हाळ्यात आजी कालवून द्यायची ते. आम्ही संत्रा बर्फीचा डबा उघडला. नातवांनी एकेक घेतली. आजोबांनी आपली रुमालात बांधून ठेवली, खाली मठात वाहायला. ताईनं लगेच त्यांना दुसरी दिली, ही तुमच्या खाण्याची, अशी खूण करून.

निघताना आजी म्हणाली, “कालेफे.” सावकाश जा.

दिवस सहावा

विमान दुपारचं होतं. पहाटे बारखोरला शेवटच्या तीन फेऱ्या मारल्या. ताईच्या खिशात तो चमचा होता. प्रत्येक फेरीत ती चेहरे बघत होती. तिसऱ्या फेरीनंतर तिनं तो एका लोणी विकणाऱ्या बाईला दिला.

नागपूर

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमांकडे गेलो. मोबाइलमधले फोटो दाखवले. त्या बघत होत्या, पण पटापट पुढे सरकवत होत्या. मग त्यांनी विचारलं, “गरदी थी?” ताई म्हणाली, खूप. “धक्का लगा?” लागला ना, म्हणून ताईनं पिशवीतून शाल काढली. तीन वर्षांपूर्वी आमांकडूनच घेतलेली, राखाडी. पदराला हातभर डाग. धुतली नव्हती.

आमांनी डाग बोटांनी चाचपला. शाल उचलून नाकाशी नेली. धुराचा आणि लोण्याचा वास अजून होता, मलाही येत होता. त्यांनी शाल मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसल्या.

एक गिऱ्हाईक आलं, लहान मुलाची कानटोपी केवढ्याला म्हणून विचारायला लागलं. आमांनी भाव सांगितला. शाल मांडीवरच होती.